ओसीटीत (डोळ्याच्या स्कॅनमध्ये) लाल आलंय, एक डॉक्टर काचबिंदू म्हणतात, दुसरे नाही म्हणतात. नक्की ठरवतात कसं?

तलावपाळी:

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

मी ४१, ठाण्यात मानपाड्याला राहते, चष्मा चौथीपासून, आता दोन्ही डोळ्यांचा नंबर मायनस साडेआठच्या आसपास. गेल्या महिन्यात नुसता नंबर तपासायला गेले होते तर डोळ्यांचं प्रेशर १९ आणि २० आलं, डॉक्टरांनी ड्रॉप घालून पडदा बघितला आणि म्हणाले डोळ्यामागच्या नसेचा कप (मधला खड्डा) मोठा वाटतोय, ओसीटी करून घ्या. केली. त्या कागदावर उजव्या डोळ्याच्या गोलात वर आणि खाली लाल तुकडे, डाव्याला एक लाल एक पिवळा. काचबिंदूची सुरुवात आहे, रोज रात्री एक थेंब, आता कायमचा, असं सांगितलं. मी केबिनमध्येच रडले.

रडले कारण आमच्या बाबांना आहे. बाबा वागळे इस्टेटला नोकरीला होते, रिटायर झाल्यावर रोज संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारायचे, आणि मग त्यांना डाव्या बाजूने येणाऱ्या माणसांचे धक्के लागायला लागले. लोक चिडायचे, आम्हीही म्हणायचो बाबा लक्ष कुठे असतं तुमचं. दोनेक वर्षं असं चाललं. कोणाच्या डोक्यातच आलं नाही की हे डोळ्याचं आहे, कारण पेपर तर ते बिनचष्म्याच्या माणसासारखा वाचायचे. कळलं तोवर डाव्या डोळ्याची नस जवळजवळ गेली होती. ते "लक्ष कुठे असतं" मला अजून झोपू देत नाही.

तर नवऱ्याच्या आग्रहाने दुसरं ओपिनियन घेतलं, नवी मुंबईत. त्यांनी तोच कागद बघितला, फील्ड टेस्ट केली (आजूबाजूचं किती दिसतं त्याची, ती पण थोडी खराब आली), डोळ्याला काच लावून अँगल (डोळ्यातलं पाणी वाहून जायची जागा) बघितला आणि म्हणाले मला हा काचबिंदू वाटत नाही, मोठ्या मायनसच्या डोळ्यात असं दिसतं, ड्रॉप सुरू करू नका, सहा महिन्यांनी परत या. दोघेही शांतपणे, वेळ देऊन बोलले, दोघांवरही माझा राग नाही. पण एकच कागद आणि दोन उत्तरं कशी? शुगरसारखी एक टेस्ट का नाहीये याला, की बाबा हो आहे किंवा नाही आहे? एवढं संशोधन होतं ना डोळ्यांवर? ड्रॉपची बाटली फ्रीजच्या दारात तशीच पडून आहे, रोज दूध काढताना दिसते.

ऐरोली_सेक्टर_८:

ताई, आधी बाबांचं. ते मनातून काढून टाका. काचबिंदूत काळा डाग दिसत नाही, गेलेली जागा मेंदू आजूबाजूच्या चित्राने भरून टाकतो, त्यात एका डोळ्याची कसर दुसरा भरतो, त्यामुळे ज्याला झालाय त्यालाच कळत नाही तर घरच्यांना कुठून कळणार. आपल्या देशात जे मोठे सर्व्हे झाले, आंध्रात आणि चेन्नईकडे, त्यांत काचबिंदू सापडलेल्यांपैकी दहातल्या नऊ किंवा जास्त लोकांना आपल्याला तो आहे हे आधी माहीतच नव्हतं.

आमच्या आईचं उलटं झालं. सोसायटीत दरवर्षी शिबिर लागायचं, हवेचा फुंका मारणारं मशीन, प्रेशर १४, १५, नॉर्मल, जा घरी. सहा वर्षं नॉर्मल. मग मोतीबिंदूसाठी नेलं तेव्हा डॉक्टरांनी नस बघून विचारलं की काचबिंदूचं औषध कुठलं चालू आहे. कुठलंच नव्हतं. प्रेशर नॉर्मल असूनही काचबिंदू होतो हे आम्हाला तेव्हा कळलं. त्या शिबिरात कोणी पडदा बघितलाच नव्हता, फक्त आकडा लिहून दिला. म्हणून मी म्हणेन थांबायचं असेल तर थांबा पण सहा महिन्यांची तारीख आत्ताच मोबाईलमध्ये टाका, आपल्याकडे सहा महिन्यांचे तीन वर्षं कधी होतात कळत नाही.

वाशी_ऑप्टोम:

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, १४ वर्षं झाली, ओसीटी आणि फील्ड रोज करतो. निदान करायचा अधिकार डॉक्टरांचा, मी फक्त ते कागद कसे वाचतात ते सांगतो.

ओसीटी म्हणजे प्रकाशाने केलेली सोनोग्राफी समजा. १९९१ मध्ये अमेरिकेत एमआयटीतल्या लोकांनी पहिल्यांदा मांडली, त्याआधी पडद्याचे थर जिवंत माणसात असे कापल्यासारखे दिसतच नव्हते, डॉक्टर नस बघून हाताने चित्र काढून नाहीतर फोटो घेऊन ठेवायचे. नसेत दहा-बारा लाख तंतू असतात, ते नसेत शिरतात तिथे त्यांचा थर किती जाड आहे ते मशीन मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजतं. इथपर्यंत मशीन पक्कं आहे. पण लाल-पिवळा-हिरवा रंग हे माप नाहीये, ती तुलना आहे. मशीनच्या आत तुमच्या वयाच्या काही निरोगी लोकांची मापं भरलेली असतात, त्यांच्यातल्या सगळ्यात पातळ १ टक्क्यात तुम्ही आलात की लाल, ५ टक्क्यांत आलात की पिवळा. म्हणजे पूर्ण निरोगी माणसांतही शंभरात एकाला लाल येणारच. आणि त्या निरोगी लोकांमध्ये मायनस साडेआठवाले फार कमी असतात. मोठ्या मायनसचा डोळा लांबट असतो, त्यामुळे स्कॅनचा गोल पडद्यावर मोठा पडतो, नसेपासून लांब मोजलं जातं आणि थर पातळ भरतो. शिवाय अशा डोळ्यात वरचे आणि खालचे तंतूंचे जाड पट्टे मॅक्युलाच्या (पडद्याचा मधला भाग, ज्याने बारीक दिसतं) बाजूला सरकलेले असतात, मशीन त्यांना नेहमीच्या जागी शोधतं, तिथे सापडत नाहीत, की झालं लाल. याला आमच्याकडे "रेड डिसीज" म्हणतात, कागदाला झालेला आजार. पण ताई, उलटही असतं, सगळं हिरवं येऊन आतून नस झिजत असते, म्हणून रंग बघून घाबरू नका तसं रंग बघून निश्चिंतही होऊ नका.

आता फील्ड. तुमची पहिलीच असेल ना? पहिली पुष्कळांची बिघडते. अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवून बारीक बारीक ठिपके शोधायचे, अर्ध्यात डोळा मिटायला लागतो, कुठला ठिपका दिसला कुठला भास झाला कळत नाही, बटण दाबलं की नाही तेही आठवत नाही. अमेरिकेत प्रेशर जास्त असलेल्या १,६३६ लोकांवर मोठा अभ्यास झाला, ओएचटीएस म्हणतात, त्यात ज्यांची फील्ड खराब आली त्यांची परत घेतली तेव्हा सुमारे ८६ टक्के वेळा तो दोष परत आलाच नाही. इतका सांभाळून केलेला अभ्यास, तिथे ही गत, तर आपल्याकडे ऑफिस सुटल्यावर रात्री आठला केलेल्या टेस्टचं काय घेऊन बसलात. म्हणून एका फील्डवर कोणी शहाणा माणूस शिक्का मारत नाही.

प्रेशरचंही तेच. १० ते २१ नॉर्मल म्हणतात पण मशीन कॉर्निया (डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच) दाबून किंवा फुंकर मारून अंदाज घेतं, कॉर्निया पातळ असला की आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो, जाड असला की जास्त. २००२ मध्ये ओएचटीएसनेच दाखवलं की पातळ कॉर्निया असलेल्यांना काचबिंदू होण्याचा धोका जास्त. आणि हे आपल्यासाठी महत्त्वाचं, नागपूरजवळच्या खेड्यांत २००६ ते २००८ मध्ये ४,७११ लोकांचे डोळे तपासले होते, तिथे सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन निघाली, ओएचटीएसमधल्या लोकांची ५७० च्या वर होती. म्हणजे तिकडचा २१ आणि आपल्याकडचा २१ सारखा धरून चालत नाही. तुमची जाडी मोजली का? पॅकीमेट्री म्हणतात. ज्यांनी नंबर काढायचं लेझर करून घेतलंय त्यांनी तर प्रत्येक वेळी सांगायलाच हवं, त्यांचा कॉर्निया कापून पातळ केलेला असतो, प्रेशर कमीच दिसणार.

तर शुगरसारखी टेस्ट का नाही, याचं उत्तर असं की काचबिंदू म्हणजे एखादा पदार्थ वाढलाय असं नाहीये जो बाटलीत मोजता येईल. नस हळूहळू झिजतेय का हा प्रश्न आहे, आणि झिजणं एका फोटोत दिसत नाही, दोन फोटोंत दिसतं. पहिल्या डॉक्टरांनी घराण्यात आहे म्हणून आधीच सांभाळायचं ठरवलं, दुसऱ्यांनी बदल दिसेपर्यंत थांबायचं. एकाच कागदावर दोन्ही होऊ शकतं, त्यात लबाडी कोणाचीच नाही.

तुम्ही एक करा. जुनं काहीही शोधा. आणि रिपोर्टवर सिग्नल स्ट्रेंग्थ किती लिहिलीये बघा, काही मशीनवर ती १० पैकी असते, ६ च्या खाली असेल तर तो स्कॅन धरूच नका. मॅक्युलाचा स्कॅन केलाय का तेही विचारा, मोठ्या मायनसमध्ये त्याची मदत होते. अजून एक, डोळे लाल झाले की मेडिकलमधून आणून घालायचे ड्रॉप घरात असतील तर त्यात स्टेरॉइड आहे का ते वाचा, त्याने प्रेशर चढतं, कित्येकांचं असंच चढलेलं मी बघितलंय.

घणसोली_एक्सप्रेस:

आता एआय आलंय ना, ओसीटीचा फोटो काढून चॅटबॉटला विचारा, दोन मिनिटांत सांगेल. डॉक्टरांपेक्षा अचूक आहे असं वाचलं होतं.

खारघर_डोंगर:

घणसोली, कळकळीने सांगतो, असं करू नका. मी याच कामात आहे, पडद्याच्या फोटोंना लेबल लावायच्या प्रोजेक्टवर तीन वर्षं काढली, म्हणून लिहितोय.

तुम्ही वाचलंत ते बहुतेक २०१६ चं. गुगलच्या लोकांनी डायबेटिक रेटिनोपथीसाठी (डायबेटिसने पडदा खराब होतो तो आजार) प्रोग्राम शिकवला, १,२८,१७५ फोटो, ५४ डोळ्यांचे डॉक्टर, प्रत्येक फोटो ३ ते ७ वेळा तपासलेला, आणि त्यात मदुराईचं अरविंद, चेन्नईचं शंकर नेत्रालय अशा आपल्या हॉस्पिटलांचे फोटो होते. खरोखर चांगलं काम, मला त्याचा अभिमान आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत त्याच आजारासाठी डॉक्टरशिवाय निकाल देणाऱ्या एका सिस्टिमला परवानगीपण मिळाली. पण ३ ते ७ वेळा का तपासावा लागला याचा विचार करा. कारण दोन डॉक्टरांचं एका फोटोवर जुळत नाही, एवढंच काय, तोच फोटो त्याच डॉक्टरला काही दिवसांनी दाखवला तर त्याचं स्वतःशीपण जुळत नाही. हे मी रोज बघायचो. तलावपाळी ताईंच्या बाबतीत झालं ते नेमकं हेच.

आणि डायबेटिसमध्ये फोटोत दिसणारी खूण असते, रक्ताचे ठिपके, पिवळे डाग, त्यावर बोट ठेवता येतं. काचबिंदूत मुख्यतः नसेच्या मधला कप किती मोठा ते बघायचं, आणि जन्मतः ज्याची नस मोठी त्याचा कपही मोठा. मोठ्या मायनसमध्ये नस तिरकी घुसलेली, कडा कुठे संपते आणि कप कुठे सुरू होतो यावर आमच्यात तासतास वाद व्हायचे. प्रोग्राम शिकतो ते आम्ही लावलेल्या लेबलांवरून, जिथे आमचंच नक्की नाही तिथे तो कुठून नक्की सांगणार? मोबाईलने काढलेल्या कागदाच्या फोटोवर तर तो रंगच वाचेल, आणि लाल दिसलं की काचबिंदू म्हणेल.

तरी एक गोष्ट मला आजही थक्क करते. २०१८ मध्येच असं निघालं की नुसत्या पडद्याच्या फोटोवरून प्रोग्राम सांगतो हा पुरुषाचा डोळा की बाईचा, आणि ते बहुतेक वेळा बरोबर. वर्षानुवर्षं पडदे बघणाऱ्या डॉक्टरला हे सांगता येत नाही. म्हणजे त्या फोटोत आपल्याला न दिसणारं काहीतरी आहे. काचबिंदूचं पण असेल. त्यासाठी एकाच माणसाचे दहा-दहा वर्षांचे फोटो लागतात, आणि आपल्याकडे लोक डॉक्टर बदलतात, घर बदलतात, फाईल रद्दीत जाते. आम्हाला सगळ्यात जास्त कमी पडले ते असे फोटो.

तलावपाळी:

वाशी दादा, खारघर दादा, ऐरोलीकर, काय लिहू, चार दिवस तुमचे प्रतिसाद परत परत वाचतेय.

जुनं शोधा म्हणालात म्हणून माळ्यावर चढले. २०१५ साली मला नंबर काढायचा होता, तेव्हा सगळ्या तपासण्या करून शेवटी तुमचा कॉर्निया पातळ आहे, लेझर करता येणार नाही असं सांगून परत पाठवलं होतं, तेव्हा खूप वाईट वाटलं होतं. ती फाईल सापडली, लग्नाच्या अल्बमखाली. त्यात कॉर्नियाची जाडी ४९६ आणि ४९९ लिहिलीये. आणि पडद्याचे दोन रंगीत फोटो आहेत, नस स्पष्ट दिसतेय! सिग्नल स्ट्रेंग्थ आत्ताच्या ओसीटीवर उजव्याला ५, डाव्याला ७. फील्ड टेस्ट ऑफिसमधून थेट गेले होते तेव्हाची, साडेसात वाजले होते, मधे एकदा तर मला डुलकीच लागली.

आता ४९६ म्हणजे माझं खरं प्रेशर २० पेक्षा जास्त का? किती मिळवायचे?

वाशी_ऑप्टोम:

मिळवायचं गणित करू नका, तसे तक्ते फिरतात पण एका माणसाला ते नेमके लागू पडत नाहीत. पातळ आहे म्हणजे धोका थोडा जास्त, म्हणजे जास्त लक्ष ठेवायचं, एवढंच घ्या.

पण तुम्हाला त्या फाईलमध्ये काय सापडलंय ते कळतंय का? दहा वर्षांपूर्वीच्या तुमच्याच नसेचे फोटो. मशीनमधले अनोळखी निरोगी लोक सोडा, तुमची तुलना तुमच्याशीच करता येईल. ती फाईल जशीच्या तशी डॉक्टरांना दाखवा, मोबाईलवर फोटो काढून नाही, मूळ कागद न्या. आणि उजव्या डोळ्याची ओसीटी परत करायला सांगा, ५ चालणार नाही, बहुतेक डोळा कोरडा पडला असेल.

नौपाडा_जुना:

मला १६ वर्षं काचबिंदू आहे आणि मी हे टाईप करतोय, मोठ्या अक्षरात का होईना. बाई, ड्रॉपला घाबरू नका एवढं सांगायला आलो. आयुष्यभर हा शब्द ऐकून मीही हबकलो होतो. स्वीडनमध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं की प्रेशर एक पॉइंटने उतरलं तरी आजार वाढायचा धोका साधारण १० टक्क्यांनी कमी होतो, मला माझ्या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हापासून एकही रात्र चुकवली नाही. आणि आता तर प्रेशर उतरवायचं लेझरपण आहे, इंग्लंडमध्ये ७१८ जणांवर तुलना केली, २०१९ मध्ये छापून आली, ज्यांना आधी लेझर दिलं त्यांतल्या ७४ टक्के लोकांना तीन वर्षं ड्रॉप लागलेच नाहीत. सगळ्यांना चालत नाही, अँगल उघडा लागतो. पण तुम्हाला आजार आहे हे आधी नक्की होऊ दे.

अजून एक. भावंडं आहेत का तुम्हाला? बाबांना आहे म्हणता. रॉटरडॅमला नातेवाईक तपासले होते, काचबिंदू असलेल्यांच्या भावंडांना आणि मुलांना आयुष्यात तो होण्याची शक्यता २२ टक्के निघाली, बाकीच्यांना २.३. माझ्या धाकट्या बहिणीचा असाच पकडला, मी ओढत नेलं म्हणून.

तलावपाळी:

तीन आठवड्यांनी लिहितेय.

दोन्ही डॉक्टरांकडे फाईल घेऊन गेले. ओसीटी परत केली, उजव्याची स्ट्रेंग्थ ८ आली, खालचा लाल तुकडा पिवळा झाला, वरचा तसाच. फील्ड सकाळी दहाला केली, रजा टाकून, बरीच चांगली आली. नवी मुंबईच्या डॉक्टरांनी जुने आणि नवे फोटो शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघितले, नसेच्या कडेवरून जाणारी एक बारीक शिर आहे ती दोन्हीत त्याच वळणावर आहे का ते मलाही दाखवलं. आहे. म्हणाले दहा वर्षांत मला तरी फरक दिसत नाही. ठाण्याचे डॉक्टरपण फोटो बघून म्हणाले की हे पहिल्याच दिवशी माझ्यासमोर असतं तर मी ड्रॉप लिहिले नसते, थांबू, पण चार महिन्यांनी या, सहा नको.

पण आता दुसरंच. नौपाडा काका, तुमचा प्रतिसाद वाचून मी दादाला फोन केला. तो कळव्याला असतो, ४६ वर्षांचा, चष्मा नाही, डोळ्यांचं कधी काही नाही, उलट आम्हा सगळ्यांत त्याचीच नजर चांगली म्हणून आई कौतुक करायची. येतच नव्हता, रविवारी बाबांनीच त्याला सांगितलं की माझ्यासाठी जा. काल गेलो. प्रेशर २८ आणि २६. कॉर्निया नॉर्मल. डॉक्टरांनी डाव्या डोळ्याची नस बघितली आणि परत बघितली आणि मग काहीच बोलले नाहीत थोडा वेळ. फील्ड मंगळवारी आहे. दादा रोज कळव्याहून बाइकने तुर्भ्याला जातो. त्याने मला रिक्षात विचारलं की माझ्या डाव्या बाजूने कोणी आलं तर मला दिसतंय ना गं. मी हात पुढे करून बघितला, दिसत होता त्याला. पण दोन्ही डोळे उघडे होते.

मंगळवारपर्यंत काय करू?

वाशी_ऑप्टोम:

मंगळवारपर्यंत बाइक नको, ट्रेनने जाऊ दे त्याला. प्रेशर निळ्या लाइटच्या मशीनवर मोजलंय ना तेवढं विचारा, फुंकरीच्या मशीनवरचं असेल तर परत मोजायला सांगा, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. फील्डला जाताना झोप झालेली हवी, पोटात काहीतरी हवं, आणि त्याला सांगा की ठिपका दिसल्यासारखा वाटला तरी बटण दाबायचं, सगळे ठिपके दिसायलाच हवेत असं नसतं, ते मुद्दाम न दिसण्याइतके मंद करतात.

आणि ड्रॉप सुरू करायच्या आधी दोन्ही नसांचा रंगीत फोटो काढून घ्या, ओसीटी आहे म्हणून फोटो राहून जातो. त्यावर तारीख टाका आणि तुमच्या फाईलशेजारी ठेवा.